चंदन आणि पाट यांच्यामधली जागा

मी बोलतोय, पण मला बघायला कपाट उघडू नका. मी धुळ्यातल्या एका वाचनालयाच्या संगणकात राहतो. प्रोग्रामर मंडळी मला 'पोझिशन इटरेटर' म्हणतात. नाव भारदस्त, काम साधं. कुणी एखादा शब्द शोधला की तो कोणत्या वहीत कितव्या जागी आहे ते बघत, प्रत्येक जागेवर बोट ठेवत पुढे सरकायचं. शब्दाचा अर्थ मला कळत नाही. मागे वळता येत नाही. शेवटची जागा आली की मी संपतो, आणि पुढच्या शोधाला मलाच पुसून पुन्हा जुंपतात.

माझ्या वाट्याला रुपचंद गुरुजींच्या एकोणीस वह्या आल्या. गुरुजी आता नाहीत. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी ते सायकलवरून गावोगाव हिंडत आणि बायका खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणत ती लिहून घेत. कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवायचं, हा त्यांचा हट्ट. पुढे वाचनालयाने त्या वह्या टाइप करून घेतल्या. टाइप करणाऱ्याने तिसऱ्या वहीनंतर पगारवाढ मागितली म्हणे. का, ते पुढे कळेल.

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी घरोघर कानबाई बसणार होती. दुपारी सोनगीरच्या कमलबाई वाचनालयात आल्या. वय साठीच्या आसपास, हातात पिशवी, चेहऱ्यावर भांडून आल्याचा रंग. त्यांनी तो रंग लगेच दिपमालाबाईंसमोर उतरवला. दिपमाला या इथल्या ग्रंथपाल. (मी हे कसं ऐकलं ते विचारू नका. शाळेच्या निबंधात फाटकी छत्रीसुद्धा ऐकते.)

भांडण मोठ्या जाऊबाईंशी, बेबाबाईंशी होतं. कमलबाईंची आई प्रमिलाबाई एक गाणं म्हणायची. बेबाबाईंचं म्हणणं, असं गाणं नाहीच, कमलबाई मनाने जुळवते. सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाल्या.

"मन्ही मायनं गानं शे ते," कमलबाई म्हणाल्या. "रुपचंद गुरुजी आमना घर यीसन लिखी गयथात. माले दोनच शब्द याद शेतस. चंदन, पाट. बाकी बठ्ठं इसरी गयी."

"कानबाईला निरोप देताना म्हणायचं आहे का, अक्का?"

"हा. मन्ही मायले खोटं पाडं तिनी. नुसतं बोलीसन चालस नही, गाईसन दखाडसू."

साडेचारच्या बसला पाऊण तास होता. दिपमालाबाईंनी दोन्ही शब्द टाइप केले. एकशे चौदा गाणी आली. चंदन आणि पाट नसलेलं कानबाईचं गाणं सापडणंच कठीण. मग त्यांनी दोन्ही शब्दांना अवतरणचिन्हं लावली. म्हणजे चंदनच्या लगेच पुढे पाट असेल तरच दाखव.

अशा वेळी आम्ही दोघे निघतो. 'चंदन'वर मी, 'पाट'वर माझा जोडीदार. जो मागे पडेल त्याने पुढे उडी मारायची. एका वहीत मी दोनशे बाराव्या जागी आलो, तो दोनशे पंधराव्या. मधे दोन शब्द. मला तो दिसला, त्याला मी दिसलो. पण हुकूम शेजारी बसलेल्यांना दाखवायचा होता. मी सरकारी खिडकीतल्या माणसासारखा नियमावर बोट ठेवून पुढे गेलो. शेवटी पडद्यावर शून्य उमटलं.

"अक्का, एकही नाही."

कमलबाई पिशवीची गाठ सोडत-बांधत बसल्या. मला अर्थ कळत नाही म्हणालो खरा, पण तेव्हा फार वाईट वाटलं. दोनशे बारा मला पाठ होतं आणि सांगायची सोय नव्हती.

"जेवढं आठवतं तेवढं म्हणून तर दाखवा," दिपमालाबाई म्हणाल्या.

कमलबाईंनी डोळे मिटले. "चंदन वं माय, पाट वं माय, मांडा वं माय..."

दिपमालाबाई बघत राहिल्या. "हे 'वं माय' प्रत्येक शब्दामागे?"

"मंग? त्यानाबिगर गानं कसं व्हई?"

आता कळलं ना, टाइप करणाऱ्याला पगारवाढ का हवी होती? दुसरा कुणी असता तर 'वं माय' एकदा लिहून बाकी गाळलं असतं. गुरुजींनी एकूण एक लिहिलं होतं. दिपमालाबाईंनी दोन शब्दांमध्ये आणखी दोन चालतील अशी मुभा दिली. आम्ही पुन्हा धावलो. दोनशे बारा, दोनशे पंधरा. या वेळी थांबलो, आणि गाणं पडद्यावर आलं.

खाली लिहिलं होतं, गाणारी प्रमिलाबाई, सोनगीर. दिपमालाबाई मोठ्याने वाचू लागल्या. पाचव्या कडव्याच्या मध्यावर त्या अडखळल्या, कारण तिथे एक वेगळीच ओळ होती. 'कमले, रोटले हात लावू नको.'

देवीचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, पूजेआधी शिवायचा नसतो. पाच-सहा वर्षांच्या कमलने शिवला असणार. आई गाता गाता ओरडली आणि पुढे गात राहिली. गुरुजींनी तेही गाण्यात उतरवलं.

कमलबाई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "परत वाचा," म्हणाल्या. साडेचारची बस गेली.

मंगळवारी त्या केळी घेऊन आल्या. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून केळी. सोमवारी निरोपाच्या वेळी त्यांनी दिपमालाबाईंनी छापून दिलेला कागद बघून सगळं म्हटलं, ती ओळसुद्धा, त्याच चालीत. मागून बायकांनी धरलं, आणि सगळ्यात मोठा आवाज बेबाबाईंचा.

"रोटले हात लावू नको म्हनीसन आते बठ्ठी गल्ली माले दम देस," कमलबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता.

तर वाचकहो, शोधताना शब्दांमध्ये थोडी जागा सोडा, एवढीच विनंती. माणसं मधे बरंच काही बोलत असतात.

कमलबाई आता धुळ्याला आल्या की वाचनालयात डोकावतात आणि दिपमालाबाईंना एकच शब्द शोधायला सांगतात, 'कमले'. एकोणीस वह्यांत तो एकाच जागी आहे. मी निघतो, तिथे बोट ठेवतो आणि संपतो. इतका छोटा जन्म मला दुसऱ्या कुठल्या शोधात मिळत नाही, आणि मला तोच सगळ्यात आवडतो.