‘कॉक लावा’

मी एक दांडा. नुसतं ‘दांडा’ म्हटलं तर तुमच्या डोळ्यांसमोर कुऱ्हाडीचा येईल, नाहीतर झेंड्याचा, म्हणून नीट ओळख करून देतो. हळद शिजवायच्या कुकरवर वाफेचा कॉक, म्हणजे तोटी, असते. तो फिरवायला बसवलेला वीतभर लोखंडी दांडा तो मी. अंगावर लाल रबराची खोळ. लालच का, हे मला घडवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. त्या दिवशी हाताशी लाल होती, लाल चढवली.

माझा जन्म वसमतकडच्या एका छोट्या कारखान्यातला. भट्टीत तापलो, ऐरणीवर वाकलो, एका टोकाला भोक पडलं. फारुकभाई नावाचे जुने फिटर आहेत तिथं. त्यांनी मला कॉकवर बसवलं, नट आवळला, इकडून तिकडं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “बराबर.” माझ्या आयुष्यातला तो पहिला शब्द.

त्याच दिवशी माझ्या डोक्यावर एक चकचकीत पाटी ठोकली गेली. ‘हळद शिजली की कॉक लावा.’ मला वाचता येत नाही, पण माझ्यापुढं जे जे मोठ्यानं वाचलं गेलं ते सगळं मी ऐकलंय. अक्षर सुरेख होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. पाटी लिहिणाऱ्या रागिणीताई. कारखान्याच्या यंत्रांवरच्या पाट्या आणि सोबतची माहितीपुस्तकं लिहायचं काम त्या कितीतरी वर्षं करत होत्या. तेव्हा मात्र आमची गाठ पडलेली नव्हती. त्या ऑफिसात बसून लिहायच्या, मी शेडमध्ये.

पुढं आमचा कुकर शिरड शहापूरच्या शिवहारनं घेतला. चाकांवर बसवलेला तो गाडा शेतात उभा राहिला, चाकापाशी नारळ फुटला, बॉयलरला हळदकुंकू वाहिलं. माझ्याही खोळीवर एक बोट उमटलं. हळदीच्या यंत्राला हळद! माणसांना त्यात काही गमतीचं वाटत नव्हतं.

घरात त्या वर्षी आणखी एकजण नवं आलं होतं. डोंगरकडा गावची अंजली, शिवहारची बायको. अंगाची हळद अजून उतरली नव्हती आणि शेतातली हळद उकरायला आली होती. बोलायची कमी. हातात हिरवा चुडा. पहिल्या दिवशी तिनं मला पदराच्या टोकानं धरून पाहिलं, तापलाय का म्हणून.

माणसं मला तोंडावरून नाही, तळव्यावरून ओळखू येतात. शिवहारचा तळवा घाईचा. फिरवायचा झाला की ढकलूनच द्यायचा, आणि काम नसलं की माझ्यावर सदरा अडकवायचा. माणसाला दांडा दिसला की त्याला काहीतरी अडकवल्याशिवाय चैन पडत नाही. शेजारच्या जमनाबाई मदतीला यायच्या, त्या येताजाता मला धरून चपलेतला खडा काढायच्या. सासू सिंधूबाई माझ्याकडं फारशा फिरकत नसत. त्यांची जागा खाली, हळद शिजते त्या पिंपाच्या दारापाशी. शिजलेली हळद त्या दारातून खाली ताडपत्रीवर ओतायची. हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

काम कसं चालतं तेही सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. खाली लाकडं पेटतात, बॉयलरमधलं पाणी उकळतं, वाफ नळीतून माझ्याखालून जाते आणि कच्च्या हळदीनं भरलेल्या पिंपात शिरते. मी नळीच्या रेषेत उभा असलो की वाफ चालू. नळीला आडवा झालो की बंद. हळद शिजत आली की शिवहार मला अर्धवट तिरका करून ठेवायचा, म्हणजे वाफ मंद. शिजली की मला पूर्ण आडवं करायचं, आणि मगच खालचं दार उघडायचं.

उभा म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. हे फारुकभाईंना ठाऊक, मला ठाऊक. बाकीच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बघून बघून कळेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

त्या दुपारी शिवहार बॉयलरच्या मागं लाकडं सारत होता. मी तिरका. पिंपाच्या तोंडातून शिजल्या हळदीचा वास सुटला होता. सिंधूबाई खाली दाराच्या कडीला हात घालून बसल्या होत्या. अंजली माझ्याजवळ उभी होती, कारण तिथं सावली होती.

“झालं शिजून!” शिवहार मागून ओरडला. “अंजली, कॉक लाव!”

अंजलीनं माझ्याकडं पाहिलं, मग वर पाटीकडं. पाटीही तेच सांगत होती. तिचा तळवा माझ्यावर टेकला आणि क्षणभर थांबला. सकाळीच नवऱ्यानं तिला म्हटलं होतं, “मोटर लाव,” आणि तिनं ती चालू केली होती. पंखा लाव म्हटलं की फिरतो. गॅस लाव म्हटलं की पेटतो. शेवटची वाफ जोरात द्यायची असेल, असं तिला वाटलं असावं. तिनं मला नळीच्या रेषेत सरळ उभा केला.

खाली सिंधूबाईंनी कडी काढली.

त्या आवाजाबद्दल मी जास्त बोलणार नाही. वाफेला आवाज असतो आणि माणसाला असतो. ते दोन्ही एकदम झाले. शिवहार धावत आला आणि त्यानं मला फाटकन आडवं केलं. तोवर सिंधूबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

त्यांना हिंगोलीला दवाखान्यात नेलं. पिंपातली हळद तशीच राहिली, दाराचं रबर फाटलं, चूल विझली. शेतात मी एकटा, पाटीखाली.

सिंधूबाई हाताला पट्टी बांधून परत आल्या तेव्हा अंजलीचा न्याय होऊन गेला होता. कुणी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा परवडतो, कारण तो संपतो.

“शिकलेली सून केली म्हणं,” जमनाबाई ताडपत्री झटकता झटकता म्हणाल्या. “समोर पाटी हाय, तोंडानं नवरा सांगून राहिला, अन् हिनं उलटंच केलं. डोंगरकड्याला कॉक उलटे फिरत्यात का काय!”

“जाऊ द्या ना काकू,” शिवहार म्हणाला. पण ‘तिची चूक नाही’ असं काही म्हणाला नाही.

सिंधूबाई म्हणाल्या, “अंजे, तू मशीनकडं येऊ नको आता. हंगाम होईस्तोवर माहेरी राहून ये. मलाच धडकी भरती तुला बगून.”

“व्हय आत्या,” अंजली म्हणाली. एवढंच. नव्या सुनेला हंगामाच्या ऐन भरात माहेरी पाठवलं, की गाव काय समजायचं ते समजतं. परत आली तरी ती ‘सासूचा हात भाजणारी’ म्हणूनच परतणार. हे तिलाही कळत होतं. पण तिच्याकडं सांगायला होतं काय? ‘कॉक लावा’ म्हणाले, तिनं लावला. हे वाक्य तिनं मनात कितीदा उच्चारून पाहिलं असेल; दरवेळी ते तिच्याच अंगावर उलटत असणार.

दाराचं रबर बदलायला कारखान्याचा टेम्पो आला. फारुकभाई उतरले, आणि त्यांच्यामागून चष्मा लावलेल्या, पायात धुळीचे बूट असलेल्या एक बाई. याच रागिणीताई. फाटलेलं रबर म्हणजे कुणीतरी दार वाफेवर उघडलंय, हे फारुकभाईंनी फोनवरच ओळखलं होतं, आणि ऐकल्यावर ताई स्वतः निघाल्या होत्या.

त्यांनी सिंधूबाईंची पट्टी पाहिली. “कसं झालं?”

“काई न्हाई मॅडम,” शिवहार म्हणाला, “मशीन चांगलं हाय. घरातल्याच माणसाची चूक.”

रागिणीताई अंजलीकडं वळल्या. अंजली पिशवी भरून बाजेवर बसलेली, दुपारच्या गाडीनं निघायच्या तयारीत. “पाटीवर काय लिहिलंय?”

“हळद शिजली की कॉक लावा.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“लावला.”

“बगा!” जमनाबाई म्हणाल्या. “आता तुमीच सांगा.”

रागिणीताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतका वेळ मला कुणी पाहिलं नव्हतं. “फारुकभाई, चूल थंड आहे ना? याला अर्धा तिरका करा.” मग सगळ्यांना म्हणाल्या, “एकेकानं पुढं यायचं. बाकीच्यांनी बांधाकडं तोंड करायचं. मी पाटी वाचीन, तुम्ही तसं करायचं.”

“परीक्षा घेऊन राहिलात व्हय?” जमनाबाई हसल्या. “मी तर शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई.”

“तुमची नाही मावशी. परीक्षा माझी आहे. ही पाटी मी लिहिलीय.”

शिवहार पुढं आला. “हळद शिजली की कॉक लावा.” त्यानं मला आडवं केलं. बंद. फारुकभाईंनी मला परत तिरका केला.

जमनाबाई आल्या. मला बेधडक सरळ उभा केला. चालू. ताईंनी विचारलं, का? “लावा म्हंजे? टीव्ही लावत्यात तसा लावला की.”

शिवहार मागं वळून पाहायला लागला. “वळायचं नाही,” ताई म्हणाल्या. “सिंधूबाई, तुम्ही.”

“मला कशाला? मी तर खाली असती.”

“तरी.”

सिंधूबाई आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डावा पुढं केला. त्यांचा तळवा मला पहिल्यांदाच लागत होता. खरखरीत. पाटी वाचली गेली. सिंधूबाईंनी मला ढकललं, नळीच्या रेषेत, थेट सरळ.

“आई!” शिवहारला राहवलं नाही, तो वळलाच. “तू तर चालू केला!”

“मंग? लावा म्हनली ना बाई!”

सिंधूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग खालच्या दाराकडं, मग आपल्या पट्टीकडं. “म्हंजे,” त्या हळू म्हणाल्या, “मी वर असती तर माझ्याच हातानं कुणाचा तरी हात भाजला असता.”

रागिणीताई खाली मातीतच बसल्या. “सिंधूबाई, लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बंद कॉक होता. दार लावतो, झाकण लावतो, तसा कॉक लावायचा. माझ्या डोळ्यांसमोरचं तुमच्या डोळ्यांसमोर असेलच, असं मी धरून चालले. दिवाही लावतात, हे मला सुचलं नाही. इतकी वर्षं लिहितेय, तरी नाही सुचलं. लिहून झाल्यावर हे कधीच सुचत नाही. कुणाच्या तरी हातात देऊन गप्प बसून बघावं लागतं, आणि या पाटीच्या वेळी मी ते केलं नाही.”

“चुकलं की माणूस म्हणतो, मीच येडा,” फारुकभाई म्हणाले. “तक्रारच येत नई. म्हणून आम्हाला वाटतं, सगळं बराबर आहे.”

ताईंनी खडूनं पाटीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘आधी वाफ बंद करा. मगच दार उघडा.’ जमनाबाईंना पुन्हा बोलावलं, वाचून दाखवलं. “आता समजलं,” त्या म्हणाल्या आणि मला पुन्हा सरळ उभा केला.

“मावशी, वाफ तर चालू झाली!”

“अगं बाई! मला वाटलं, सरळ केला म्हंजे मिटला. छत्री मिटल्यावर सरळच होती ना!”

फारुकभाई पोट धरून हसले. “मॅडम, पाटीवरचा लफ्ज सुधरला. हाताला कोण सांगणार?”

ताईही हसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे नुसत्या पाटीवर सोडून चालणार नाही. घाईत, धुरात, पाटी कोण वाचतं? चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये, असं काही करता येईल?”

फारुकभाईंनी माझ्यापासून दाराच्या कडीपर्यंत वितीनं मोजलं. ‘होईल’ अशी मान हलवली. त्या हलवण्यात माझा शेवट होता, हे मला तेव्हाच कळलं.

अंजलीची दुपारची गाडी तोवर निघून गेली होती. पिशवी बाजेवर तशीच. ती सोड असं कुणी म्हणालं नाही, आणि घेऊन जा असंही नाही.

सिंधूबाईंची पट्टी सुटली तोवर, पुढच्या खेपेला, फारुकभाई आणि रागिणीताई नवा दांडा घेऊन आले. माझ्यापेक्षा लांब, खाली वाकलेला. वाफ चालू असली की तो बरोबर दाराच्या कडीवर अडसरासारखा येऊन बसतो. वाफ बंद केल्याशिवाय कडी निघतच नाही. माझा नट सैल झाला, आणि मी ताडपत्रीच्या कडेला येऊन पडलो. तिथून मला सगळं दिसत होतं.

चूल पेटली. हळद शिजली. सिंधूबाई खाली बसल्या, पण बरा झालेला हात कडीजवळ गेला आणि मागं आला. पुन्हा गेला, पुन्हा मागं आला. शिवहार म्हणाला, “आई, सर, मी करतो.”

“गप. मी करीन.” त्यांनी वर पाहिलं. “अंजे कुटं हाय?”

अंजली लांब, बांधावर उभी होती. मशीनकडं यायचं नाही, असंच तिला सांगितलेलं होतं.

“हिकडं ये. वर तू ऱ्हा. तू बंद केल्याचं तोंडानं सांगितल्याबिगर मी हात लावणार न्हाई.”

अंजली आली. तिनं नवा दांडा फिरवला, वाफेचा आवाज थांबेपर्यंत कान दिला, आणि म्हणाली, “वाफ बंद हाय, आत्या.”

कडी निघाली. पिवळीधमक हळद धबाधबा ताडपत्रीवर आली. सिंधूबाईंच्या हाताला काही झालं नव्हतं. त्या उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि कुणाकडं न बघता म्हणाल्या, “डोंगरकड्याला फोन कर. सांग, इथं काम हाय, सुनेबिगर भागत न्हाई. अन् ती पिशवी रिकामी कर आधी.”

जाताना रागिणीताईंनी मला उचललं आणि आपल्यासोबत नेलं.

आता मी त्यांच्या टेबलावर असतो. पाट्या आणि पुस्तकं लिहायला शिकणारी नवी पोरं येतात, ताई मला एका जुन्या कॉकवर तिरका बसवून त्यांच्यापुढं ठेवतात आणि म्हणतात, “लावा.” कुणी मला आडवं करतं, कुणी सरळ. पोरं एकमेकांकडं बघून हसतात. मग ताई एका हाताची गोष्ट सांगतात, आणि हसणं थांबतं.

माझं काम एवढंच उरलंय, आणि ते मला पूर्वीच्या कामापेक्षा हलकं वाटत नाही. तुम्ही कधी दुसऱ्याच्या हातासाठी चार शब्द लिहिलेत, औषधाच्या बाटलीवर, यंत्रावर, नाहीतर घरातल्या बटणाखाली, तर ते शब्द एकदा अशा माणसासमोर ठेवा ज्याला तुमच्या मनातलं ठाऊक नाही. त्याला मदत करू नका. तो चुकला तर त्याला हसू नका. त्याचा हात कुठं जातो, ते फक्त बघा.

बघून झालं? मग माझी ही गोष्ट तुमच्या शेजारच्याच्या हातात द्या.