परीक्षेनंतरचा दिवस

प्राध्यापिकाबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीच्या तळाशी सारलं, जुनी शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि दवाखान्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. गुडघा खरोखरच ठणकत होता, त्यामुळे दुखण्याचं सोंग तरी आणावं लागणार नव्हतं.

नर्सिंग कॉलेजात त्यांचा सारा जन्म गेला होता. नव्या पोरींना त्या पहिल्या दिवशी सुई धरायला शिकवत नसत, रांगेत नेऊन उभं करत. ज्याच्या अंगावर खेकसलं जातं तो माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, घरात कुढत बसतो, हे त्या इतक्यांदा सांगत की पोरी पाठमोऱ्या झाल्या की त्यांची नक्कल करत. या गरीब वस्तीतल्या दवाखान्यात त्यांनी भांडून पोरींची कामं लावून घेतली होती, पोरींना शिकवायला एक जाणती परिचारिकाही मिळवली होती. आणि फरक पडला की नाही ते बघायला त्या स्वतः रोगी होऊन येत. पोरींनी ओळखू नये म्हणून परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी येत. त्या दिवशी पोरी आणि त्यांची परिचारिका सुट्टीवर असत. बाकी कोणी बाईंना पाहिलेलं नव्हतं.

आजही सगळं कसं छान चाललं होतं. खिडकीतला कारकून एका बहिऱ्या म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा तेच सांगत होता, आणि तेही हसून. सिस्टर बाहेर येऊन कोणाला पाणी हवंय का विचारून गेली. उद्या सकाळी कॉलेजात बैठक होती. इथलं काम आता मार्गी लागलंय, आमच्या पोरी आणि ती परिचारिका दुसऱ्या एखाद्या दवाखान्याला द्या, असं बाई तिथे सांगणार होत्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. समाधानाने जाता येईल असं त्यांना वाटत होतं.

"तुम्ही पहिल्यांदाच आलात का हो, मावशी?" पुढच्या बाईने वळून विचारलं. तिच्या बाहीला रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटले होते. शिवणकाम करणारी असावी.

"नाही. अधूनमधून येते."

"आजचाच दिवस साधता ना? शहाण्या आहात." तिने आवाज खाली आणला. "आज ती येते."

"कोण?"

"अगंबाई, माहीत नाही? तपासणीवाली! वेश पालटून येते म्हणे. कॉलेजातल्या पोरींच्या परीक्षा संपल्या की दुसऱ्या दिवशी हटकून. खिडकीवरचा भाऊ आहे ना, त्याची बायको आमच्याच आळीत राहते. तिनेच सांगितलं. ती नेमकी कोण ते यांना कळत नाही, मग काय करतील बिचारे? सगळ्यांशीच गोड बोलतात. आज बघा, मला 'ताई' म्हणाला! एरवी 'ए, सरक' म्हणतो."

बाईंनी भिंतीला हात टेकला.

"मला तर ती वाटते," शिवणकामवालीने हनुवटीने दाखवलं. "ती निळ्या स्वेटरवाली. कशी टकामका बघतेय चोहीकडे. आणि चप्पल बघा, आपल्यासारख्यांची असते का तशी?"

निळ्या स्वेटरवाली बाई जांभई देत होती. पुढचा एक माणूस मागे वळून म्हणाला, "मला तर तुम्हीच वाटता ताई. एवढ्या चौकशा तपासणीवालीच करणार."

"गप बसा हो! तपासणीवाली असते तर पहिली तुमची विडी काढून घेतली असती."

रांगेत हसू पसरलं. बाईंनाही हसू आलं आणि लगेच विरलं. आजवर इथे आपण जे बघितलं ते काय होतं? खोटं म्हणावं तर बहिरा म्हातारा समोर होता, त्याला खरंच नीट समजावलं होतं, त्याच्या हातात खरंच गोळ्या होत्या. खरं म्हणावं तर उद्या तोच म्हातारा आला तर? सिस्टरवर रागवावं का? का स्वतःवर? बाईंनी शाल नीट केली, पुन्हा तीच नीट केली. डोकं अगदी चक्रावून गेलं होतं. वर्गात अशा प्रश्नावर त्या तासभर बोलल्या असत्या.

"तुमचं काय दुखतंय?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून.

"माझं काही नाही. मी बघायला आलेय." शिवणकामवालीचा चेहरा उतरला. "माझी जाऊ. साखर आहे तिला. पायाला जखम झाली म्हणून एकटीच आली होती इथे, एरवीच्या कुठल्यातरी दिवशी. सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, आधी पाय धुऊन ये, मग दाखव. लोक हसले. तेव्हापासून दाराबाहेर पडत नाही. आज म्हटलं चल, आज गोड बोलतात. तर म्हणाली, तू आधी जाऊन बघ, मग मी पुढच्या खेपेला येते."

"जखम कशी आहे आता?"

"अंगठा काळा पडलाय. पण दुखत नाही म्हणते, म्हणजे बरं होत असेल ना?"

दुखत नाही हेच वाईट होतं.

"नाही. दुखत नाही म्हणजे आतली जाणीव गेलीय. असा पाय राहत नाही, बाई. तिला आजच आणा."

"आज कुठली येतेय? दाराला आतून कडी घालून बसलीय. येईल, पुढच्या परीक्षेनंतर आणते."

रांग एका माणसाने पुढे सरकली. बाई सरकल्या नाहीत. पुढच्या परीक्षेला पाच-सहा महिने होते. मी म्हणजेच ती, असं सांगावं का? सांगितलं की आजपासून सगळी गोड वागणूक त्यांच्या एकटीपुरती राहील. न सांगावं तर...

"तुम्हाला कळलं नाही का?" बाई एकदम म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. "तपासणीवालीने पद्धत बदललीय म्हणे. परीक्षा-बिरीक्षा काही बघत नाही आता. कधीही येते. लागोपाठसुद्धा येते."

"काय सांगता! कोणी सांगितलं?"

"आहे एक ओळखीतली."

"म्हणजे उद्यापण येईल?"

"येईल. नक्की."

शिवणकामवालीने खिडकीकडे पाहिलं, मग निळ्या स्वेटरकडे, मग पुन्हा बाईंकडे. "भाऊच्या बायकोला आजच सांगते. उद्या दार उघडायच्या आत सगळ्या दवाखान्याला कळेल बघा." ती थबकली. "पण मावशी, जाऊला यायचं तर रिक्षाने यावं लागेल, उशीर होईल. उभं राहवत नाही तिला. सकाळी तुम्ही असाल का? रांगेत जागा धरून ठेवाल तिच्यासाठी?"

कॉलेजातली बैठक दवाखाना उघडायच्या वेळीच होती. बाईंशिवाय ती सुरू होणार नव्हती.

"धरते," बाई म्हणाल्या.