कढईचा दुसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला 'क' आला आणि त्यात कढई आली. कढवतात ती कढई, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मूळ संस्कृत कटाह, मग प्राकृत कडाह, हे समजावून माझं तोंड दुखलं. अर्थही सोपा होता: तळण्या-परतण्याचं, खोलगट, दोन कानांचं भांडं.

माझं घोडं अडलं ते दुसऱ्या अर्थापाशी. आमच्या घरी कढई म्हणजे उशिरा येणाऱ्यासाठी कढईतच राखून ठेवलेलं जेवण. तेव्हा मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दमून घरी आले की आई म्हणायची, "हात धू, तुझी कढई आहे." तळाच्या खरवडीत भात कालवून मी तशीच खायचे आणि आई समोर बसून शेजारपाजारच्या चुगल्या सांगायची. आता आई नाही. निदान तिचा हा शब्द तरी कोशात जावा, एवढी एकच इच्छा मला होती.

पण कोशाचा नियम आडवा आला. आज किमान दोन घरांत बोलला जात असेल, तोच अर्थ घ्यायचा. आमच्या संपादकांना आम्ही पाठीमागे कात्री म्हणतो. कात्री म्हणाली, "बाई, घरं आणा."

शेजारणीला विचारलं, तर तिला वाटलं मला तिची कढई उसनी हवी आहे. शेवटी धाकट्या भावाला फोन लावला. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे तब्येत, हवापाणी आणि ठेवू का.

"कढई? आठवते की!" तो हसला. "मी नुसता डोकावलो तरी आई हातावर फटका द्यायची. ताईची कढई आहे म्हणे!"

"तुला कधीच नाही ठेवली?"

"मी कुठे उशिरा यायचो? पण ताई, आमच्याकडे अजून असते. लेक क्लासहून उशिरा येते ना. काल मी थोडी चाखली, तर केवढी भांडली! माझी कढई कुणी खाल्ली म्हणून."

मागून भाची ओरडली, "बाबा, खोटं सांगू नका, अर्धी संपवली होती!" मग वहिनीसकट तिघंही हसायला लागली. मीही हसले. फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प झालं, की मी उगाच नळ सोडून ठेवला.

सकाळी कात्रीपुढे उभी राहिले. "भावाचं घर मिळालं."

"छान. दुसरं?"

मी टेबलावरचा नोंदीचा कागद सरळ करत राहिले. त्यांनी वर पाहिलं. माझी धडपड त्यांना ठाऊक होती.

"तुमचं धरू या," ते हळूच म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरांना मीच हे प्रश्न विचारत आले होते.

"नको, साहेब. मी एकटी असते. उरलेलं डब्यात काढते, कढई घासून टाकते. आई गेल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. म्हणणार कुणाला?"

कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. बोलणाऱ्या घरांच्या जागी मी भावाचं घर लिहिलं, आणि मग दुसऱ्या अर्थावर स्वतःच्या हाताने काट मारली.