लसणाचा वास येणारा थोरला भाऊ

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. माझा पाटा माझ्याजवळ नाही, तो नांदगावला राहिला. मी जयपूरला, मानसरोवरच्या नव्या वसाहतीत, सुगनीबाईंच्या अंगणात असतो. थकलोय म्हणा ना. दगड थकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी वाळक्या मिरच्या वाटलेल्या नसाव्यात.

नांदगावच्या टेकडीतल्या काळ्या पाषाणातून दशरथ पाथरवटानं मला घडवलं. रत्नप्रभाबाईंच्या सासूनं मला घरी आणलं. तेव्हापासून त्या घरचं पुरण मी वाटलं, चटण्या वाटल्या आणि माणसंही जोखली. रागावलेल्या बाईची चटणी फार बारीक होते, हे मी कितीतरी वर्षं पाहत आलोय. मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून घर टिकलं.

पण माझा खरा मान बारशाला. आमच्या मुलखात पाळण्यात आधी वरवंटा निजतो, मग बाळ. मला न्हाऊ घालायचं, कुंची चढवायची, कुंकू लावायचं. बायका मला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती देणार, मग मला आत ठेवणार. बाळ माझ्यासारखं टणक व्हावं, एवढीच इच्छा. त्या नात्यानं त्या घरातल्या सगळ्या पोरांचा मी थोरला भाऊ. रत्नप्रभाबाईंच्या उमाकांतचासुद्धा. तो पुढे बँकेत अधिकारी झाला आणि भावाला विसरला. सगळेच विसरतात.

त्याची जयपूरला बदली झाली तेव्हा पाटा जड म्हणून मागे राहिला. मी ट्रंकेत मावलो, म्हणून आलो. इथे त्याच्या बायकोनं, शालिनीनं, मिक्सर घेतला आणि मला दाराशी नेमलं. इकडे वारा सुटला की दारं फार आपटतात. पुरण वाटणारा मी, दार अडवून बसलो. मित्रांनो, वाटून झिजलो त्याचं काही नाही, पण त्या बसण्यानं मी म्हातारा झालो.

एक दिवस शेजारच्या सुगनीबाई आल्या. मूळच्या जयपूरजवळच्या बस्सी गावाकडच्या. त्यांचा स्वतःचा बट्टा, म्हणजे तिकडचा वरवंटा, झिजून लिंबाएवढा झाला होता.

"बहूजी, ये काला पत्थर बड़ा अच्छा है!"

"ले जाओ ना सुगनीजी, पड़ा ही रहता है," शालिनी म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुगनीबाईंनी माझं नाव कालू ठेवलं. रोज लसूण, रोज लाल मिरची आणि सोबतीला इथल्याच दगडाची सिल, म्हणजे इथला पाटा. तिची बोली मला कळेना, पण काम दोघांनाही ठाऊक. दमणूक होती, पण दारापेक्षा बरी.

मग शालिनीला मुलगी झाली आणि नांदगावहून रत्नप्रभाबाई आल्या. मधली भिंत पातळ, सगळं ऐकू यायचं.

"शालिनी, कुंची शिवून आणलीय. वरवंटा काढ, मापाला लावून बघते."

 शालिनीचा बारीक आवाज, "आई, तो शेजारी दिलाय. म्हणजे, देऊनच टाकलाय."

"देऊन टाकलाय? माझ्या नातीचा भाऊ?"

उमाकांतनं अधिकाऱ्यासारखा तोडगा काढला. संध्याकाळी बाजारातून नवा बट्टा घेऊन आला. "आई, दगड तो दगड."

"उमा, हा लाल आहे. बघ, हाताला रेती सोडतोय. इथल्या लेकरांचा भाऊ असेल तो, आपल्या पोरीचा कसा होईल? उद्या बारसं आहे. तो काळा नसेल तर पाळणा हलणार नाही."

 पण दिलेली वस्तू परत मागायची कशी? शालिनी आमच्या फाटकाशी आली, उगाच हवापाण्याचं बोलली आणि परत गेली. शेवटी रत्नप्रभाबाई स्वतः आल्या. त्यांचं हिंदी दिव्य.

"हमारे इदर बच्चे के पैले दगड सोता है. वो दगड तुमारे पास है."

सुगनीबाई आधी हसल्या. मग मला उचलून पदराला पुसलं. हात मात्र सोडवेना.

"दे दूँगी, बहनजी. पर आपकी बहू कुआँ पूजे बिना पानी भरने लग जाएगी, ये मुझसे नहीं देखा जाएगा. हमारे यहाँ जच्चा पहले कुएँ को धोक देती है."

"लड़की है," भिंतीपलीकडून शालिनी बोलली.

"हाँ, हमारे में बेटे पर ही पूजते हैं. पर पानी तो छोरी भी पिएगी."

सौदा झाला: बारशाला मी जायचं, शालिनीनं विहीर पुजायची. आमच्याकडे जमीन खणली की दगड लागतो, म्हणून पोराचा पहिला सोबती दगड. इकडे खणत गेलं तरी पाणी लागेलच असं नाही, म्हणून बाळंतिणीची पहिली धोक, म्हणजे नमस्कार, विहिरीच्या पाण्याला. दोघी आपापल्या मातीसाठी अडून बसल्या होत्या. अशी भांडणं मला आवडतात.

बारशाला मला चिंचेनं, बेसनानं, शेवटी राखेनं घासलं. कुंची चढवली. रत्नप्रभाबाईंनी मला नाकाशी धरलं आणि डोळे पुसले.

"लसणाचा वास येतोय मेल्याला. जयपूरचा झाला!"

मग मी पाळण्यात निजलो, आणि शेजारी विभा. ती शिंकली.

महिन्याभरानं वसाहतीबाहेरच्या जुन्या शेतातल्या विहिरीवर सगळ्या गेल्या. शालिनीच्या डोक्यावर सुगनीबाईंची पिवळी ओढणी होती. रत्नप्रभाबाईंनी आत डोकावलं तर पाणी पार खाली, आरशाच्या तुकड्याएवढं.  निघायच्या दिवशी त्यांनी मला उचललं आणि सुगनीबाईंच्या सिलेवर आणून ठेवलं.

"हमारे घर में ये दरवाजा पकडेगा. तुम वाटो. बारसा आया तो मांगेंगे, तब ना नई बोलना."

"मेरा वचन," सुगनीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी माझ्यासारखा दाराशी बसला असेल. त्याची पूजा नका मांडू, त्याला हाताशी घ्या. तुमच्याकडून होत नसेल तर जिथं कामाला येईल तिथं द्या. फक्त तो कुणाचा भाऊ आहे, हे पोरांना सांगून ठेवा.

विभा आता रांगत इकडे येते, माझ्यावर थापा मारते. शालिनी तिचे हात साबणानं धुते. पुन्हा धुते. वास जात नाही. जायचा नाही, मी सांगतो ना.