आधी दगड, मग चहा

उंबरमाळीच्या चढावर, हायवेला लागून माझी चहाची टपरी. ट्रक बंद पडला की ड्रायवर चाकाखाली दगड लावतात आणि काम झालं की दगड तिथंच टाकून निघतात. असल्याच एका दगडावर माझ्या भावाची मोटारसायकल आपटली. तो अजून लंगडतो.

२००३ सालची गोष्ट. भरदुपारी कुंडलिक नावाच्या ड्रायवरनं टपरीसमोर टायर बदलला, ट्रक जरा पुढं घेतला आणि चहा मागितला. दगड रस्त्यातच होता.

"आधी दगड उचल, मग चहा," मी बोलले.

"जानकीमावशी, मी ड्रायवर हाय. दगड उचलणारा मजूर नाय."

"लावताना मजूर आणला होतास का रे?"

बाकड्यावरचे सगळे हसले. तो लालबुंद झाला. दगड उचलून कडेला फेकला, पण चहा न पिताच निघून गेला. गेला तर गेला, रस्ता मोकळा झाला.

महिन्याभरानं तोच ट्रक टपरीपुढं थांबला. कुंडलिक केबिनमधून एक भलामोठा दगड घेऊन उतरला आणि टपरीमागं नेऊन टाकला.

"हा माझा नाय, मावशी. खर्डीजवळ कुणीतरी रस्त्यात सोडलेला," हात झटकत तो म्हणाला. "आता दे चहा."