नंदूचा चांगला रिपोर्ट

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. लिहिणारा म्हणतो सगळं झकास चाललंय, आणि ते कुठे मोडतंय हे मी शोधायचं. घरी आल्यावर हा स्वभाव काही बॅगेबरोबर कोपऱ्यात ठेवता येत नाही. नवरा म्हणाला दमलोय, तर मी आधी विचारणार, कशाने?

माझ्या नवऱ्याला, नंदकुमारला, तीन वर्षांपूर्वी उपाशीपोटीच्या तपासणीत मधुमेह निघाला. तेव्हापासून डॉक्टरकडे आम्ही जोडीनेच जातो. एकटा गेला तर हा अर्धं विसरेल आणि अर्धं गाळेल, म्हणून नियम मीच केला. दर चार महिन्यांनी नर्स पलीकडच्या खोलीत रक्त काढायची आणि मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी यायची. आकडा एकतीसच्या आसपास. इथल्या मापात बेचाळीसच्या खाली म्हणजे मधुमेह नसल्यातच जमा. डॉक्टर खूश. "ग्रँड, नंदू, ग्रँड!" हिमोग्लोबिन जरा कमी असायचं, पण आम्ही शाकाहारी, त्यामुळे त्याचा कुणी बाऊ केला नाही. नंदूने घरी बोट टोचणं सोडलं. गोळीही निम्मी झाली.

मला मात्र तो एकतीस पटेना. एकतीसवाला माणूस दिवसभर पाण्याची बाटली घेऊन फिरत नाही. त्याचा पट्टा दोन भोकं आत जात नाही. जानेवारीत केलेला चष्मा मार्चमध्ये निकामी होत नाही. लिक्सलिपच्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नंदूचं सगळं काम डोळ्यांवर चालतं. डोळ्यांना काही झालं तर काय?

"बाहेर काय खातोस?" मी विचारलं.

"काही नाही गं."

"काही नाही म्हणजे किती?"

तो नुसता हसला. मी गाडी झाडून पाहिली. सीटखाली डोनटची रिकामी पिशवी मिळाली. तो म्हणाला, सहकाऱ्याची. विश्वास मुळीच ठेवला नाही, पण डोनट खाल्ला असता तर आकडा वाढायला हवा होता. म्हणजे गडबड डोनटमध्ये नव्हती, आकड्यात होती. मग माझी नजर माझ्या नणंदेकडे वळली. उल्का किलकेनीला डॉक्टर आहे. भाऊबहीण फोनवर बोलत असले आणि मी खोलीत गेले की विषय एकदम हवेवर यायचा. आयर्लंडमध्ये हवेवर बोलायला निमित्त लागत नाही, तरी मला ते खटकायचंच. मनात काय काय आलं ते लिहायचीही लाज वाटते: दुसऱ्याच कुणाचं रक्त नंदूच्या नावावर जातंय आणि ही त्याला सामील आहे.

एका रविवारी उल्का जेवायला आली. जेवण झाल्यावर नंदू सोफ्यावर घोरायला लागला. मी प्रेसमधून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातून, साखर मोजायचं यंत्र काढलं, त्याचं बोट पुसलं आणि झोपेतच टोचलं. तो नुसता कुशीवर वळला. सोळा पूर्णांक आठ. पुण्याच्या मापात तीनशे.

उल्का भांडी विसळत होती. मी यंत्र तिच्या नाकासमोर धरलं.

"हे याच्या बोटातलं. आता खरं सांग, तो एकतीस कुणाच्या रक्ताचा?"

"कुठला एकतीस, वहिनी?"

मी रिपोर्टांची फाइल तिच्यापुढे आपटली. एकेक पान उलटताना तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, सापडली चोरी. पण ती सोफ्याकडे गेली आणि नंदूला गदागदा हलवलं.

"दादा, तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

नंदू उठून बसला. त्याने तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलं नाही?" मी विचारलं.

"वहिनी, रक्त दादाचंच आहे," उल्का म्हणाली. "आमच्या बाबांची प्लीहा काढलेली आहे. लग्न जमवताना तुमच्याकडे अपेंडिक्स म्हणून सांगितलं. तांबड्या पेशीच्या आत एक जाळी असते, तिच्यावर पेशीचा आकार टिकतो. ती जाळी बाहेरच्या आवरणाला धरून ठेवायला काही प्रथिनं असतात. बाबांमध्ये आणि दादामध्ये त्यातलं एक जन्मापासून कमी आहे. गादीचे टाके उसवले की कापूस गोळा होतो ना, तशी पेशी गोल होते आणि प्लीहा तिला फोडून टाकते. तुझी पेशी चार महिने जगते, दादाची महिनाभरसुद्धा नाही. साखर पेशीला हळूहळू चिकटते. त्याच्या पेशीला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून आकडा कमी येतो. ही सरासरी त्याला लागूच होत नाही."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला वाटलं, यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असेल! कुणीही सांगेल."

मी नंदूकडे वळले.

"लग्नाची पाच वर्षं माझ्यापासून लपवलंस ते लपवलंस. डॉक्टरपासून कशाला?"

"मुलीकडे कळलं तर लग्न मोडेल म्हणून आईने शपथ घातली होती. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

"अरे, पण डॉक्टर! तुझे डोळे जातायत!"

"तीनदा ठरवून गेलो होतो," तो म्हणाला. "पण केतकी, तू दर वेळी शेजारच्या खुर्चीत असायचीस."

उल्का नळाखाली तेच भांडं पुन्हा धुऊ लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. नाव पुकारल्यावर नंदू उठला, सवयीने मीही उठले. मग बसले.

"जा तू," मी म्हटलं.

दार लागलं. पंचवीस मिनिटं मी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते. आत काय चाललंय हे कळण्यासाठी जीव तुटत होता. तो बाहेर आला तेव्हा हातात डोळ्यांच्या विभागाला लिहिलेलं तातडीचं पत्र होतं. काय बोललास, असं मी विचारलं नाही. कधी नव्हे ते.

गाडीपाशी आल्यावर त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव. मला फेब्रुवारीपासून रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत."

ॲथलोन ते लिक्सलिपचा कारखाना, जाऊन येऊन दोनशे किलोमीटर, रोज हा एकटाच चालवत होता. मी किल्ली घेतली.