माल खोटा नव्हता

मी स्टेंट बोलतोय, एका टेलरमास्तरांच्या हृदयाच्या धमनीतून. पेनातल्या स्प्रिंगपेक्षाही बारीक अशी माझी जाळी. कारखान्यात जन्मलो, फुग्यावर आवळून पाकिटात बंद झालो. इतक्या हातांतून फिरलो की कुणावर पटकन भरवसा ठेवायचा नाही, एवढं शिकलो.

मास्तरांच्या मनगटातून तारेवर स्वार होऊन आत आलो. फुगा फुगला, मी उघडलो, भिंतीला टेकलो आणि अडलेलं रक्त धावू लागलं. डॉक्टरांनी बजावलं की रक्त पातळ ठेवणारी गोळी वर्षभर एकही दिवस चुकवायची नाही. मास्तरांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाला 'मंगळवारी नक्की' म्हणताना डोलावतात ना, अगदी तशी. मी तेव्हाच मनात म्हटलं, या गिऱ्हाइकावर नजर ठेवायला हवी.

तीन महिने ठीक गेले. मग रक्त बदललं. पूर्वी माझ्या अंगावरून सुळकन जायचं, ते आता रेंगाळू लागलं, चिकटू लागलं. रोज सकाळी बायको विचारायची, गोळी घेतली का? मास्तर 'हो' म्हणायचे आणि त्या 'हो'बरोबर इथे आत ठोका चुकायचा. खोटं बोलणाऱ्याची छाती आतून ऐकली की पुरावा लागत नाही.

एका दुपारी कापड बेतता बेतता मास्तर छाती धरून खाली बसले. गुठळी माझ्यातच अडकली होती. डॉक्टरांनी पुन्हा तार घालून वाट मोकळी केली, पण आळ आला माझ्यावर. मेव्हणा म्हणाला, बोगस माल घातलाय, दुसरं काय. डॉक्टरांनाही माझाच संशय. माझे काही भाऊबंद धमनीत साठलेल्या कडक चुन्यामुळे पुरते उघडत नाहीत, काहींच्या आत मांस वाढतं, हे त्यांना ठाऊक. म्हणून बारीक कॅमेरा सोडून त्यांनी मला सगळीकडून तपासलं. मी चपखल बसलेला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात डॉक्टर म्हणाले, कारण कळलं नाही, तर छाती उघडून बायपास करायचा विचार करावा लागेल. गोळी चालू होती ना?

"रोज," मास्तर म्हणाले.

बायकोने पिशवीतून बटणांचा डबा काढला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या.

मास्तरांनी डबा आपल्याकडे ओढला. मग सांगितलं. सुई टोचली की रक्त थांबेना, गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या शर्टांवर डाग पडले. म्हणून गोळ्या बंद केल्या.

"मला विचारलं असतंत, तर काहीतरी मार्ग काढला असता," डॉक्टर म्हणाले.

"डाग धुता येतो, अहो," बायको म्हणाली. "तुम्ही गेलात तर मी काय धुऊ?"

बायपास टळला. आता ती समोर उभी राहून गोळी देते आणि जीभ वर करायला लावते. तुमच्या घरातही कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर त्याच्या वतीने विनंती करतो: गोळी नकोशी झाली, तर डब्यात लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

मास्तर सुधारलेत म्हणतात. असतीलही. मी मात्र रोज सकाळी, रक्तात गोळी उतरेपर्यंत, श्वास रोखून बसतो.